हिरडामालीपुढची साखळी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळी रुचीचा फोन आला. तिच्याकडे अजून शनिवारच होता. एरवी मला याचं नवल वाटायचं, आज वाटलं नाही.

डॉक्टरांनी जानेवारीचा दुसरा आठवडा सांगितला आहे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पहिलं मूल. जावई खुशाल याला दोन आठवड्यांवर सुट्टी नाही आणि त्याची आई कधीच गेली. रुची म्हणाली, "बाबूजी, आई येणार होती. आता तुम्ही या. तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं घरात असायचं." मी हो म्हटलं. सुशिला जाऊन परवा दोन महिने झाले. नुसतं घरात असणं मला जमतं. तेच करतो आहे.

ही डायरी पोस्टातल्या जुन्या सोबत्याने जानेवारीत दिली होती. आठ महिने कोरी होती. सुशिला म्हणायची, कविता म्हणून राहता दिवसभर, दोन ओळी लिहीत काऊन नाही. म्हणून लिहिलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सौंदडहून गाडीने गोंदियाला गेलो. टिंकू माझ्या बहिणीचा मुलगा. बेचाळीस वर्षांचा झाला, टक्कल पडलं, तरी टिंकूच. स्टेशनजवळ त्याचं पासपोर्ट-व्हिसाचं दुकान आहे. जूनमध्ये आम्ही दोघं तिथे बसून अमेरिकेचे अर्ज भरत होतो, ते अर्धे राहिले होते. पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली. टिंकूने मामीचा फॉर्म बंद केला. मला विचारलं नाही ते बरं केलं.

जिथे थांबलो होतो तेच पान उघडलं. टिंकू वाचत गेला. कोणता रोग आहे का, नाही. नशा करता का, नाही. मग म्हणाला, कधी अटक झाली होती का, सजा झालेली असो वा नसो. त्याचा हात 'नाही'कडे चाललाच होता.

मी म्हटलं, "थांब. झाली होती."

त्याने खुर्ची फिरवली. "तुमी? मामाजी, तुमी त एस.टी.त बाई उभी दिसली का सीट सोडता."

मी सांगितलं. रेल्वेची साखळी ओढल्याबद्दल धरलं होतं. एक रात्र गोंदियाच्या रेल्वे पोलीस ठाण्यात. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने दंड करून सोडलं. ११ मार्च १९८०.

"तारीख पाठ आहे?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची आहे."

तो इतका हसला की झेरॉक्सवाला डोकावून गेला. मग त्याने कामाचं विचारलं. पोस्टात लागताना काय लिहिलं होतं? तिथेही हाच प्रश्न होता. १९८१ मध्ये मी 'नाही' लिहिलं होतं. नोकरी हवी होती. "मंग आताबी नाहीच लिहा," टिंकू म्हणाला. "पंचेचाळीस सालानं कोन पाहून राहिला? कायले आपणच आपल्यावर केस करता?"

विचार करतो म्हटलं आणि उठलो.

जूनमध्ये याच पानाशी सुशिला म्हणाली होती, "हे पान मंग भरू." टिंकू म्हणाला, मामीजी, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, मले तहान लागली. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि चारच्या गाडीने घरी आलो. तीन आठवड्यांनी सकाळी ती मोरीत पडली. ते पान तसंच आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहून काढतो. कागदावर हे कधी आलं नाही.

जानेवारी १९८० मध्ये बाबांबरोबर मी सुशिलाला पाहायला गेलो. तिचं गाव हिरडामालीच्या एक स्टेशन पलीकडे, गोंदियाच्या बाजूला. मुलीला भाकर येते का, असं सगळे विचारतात. मला वाटलं आपण कविता विचारावी. सातवीच्या पुस्तकात पाणपोईची कविता होती. कवीचं नाव आठवत नाही, पानाच्या कोपऱ्यात रांजणाचं चित्र होतं ते आठवतं.

वाटसरा, थांब जरा, रांजण भरला आहे
पाय तुझे पोळलेले, सावली वाट पाहे

मी एवढं म्हणून थांबलो. तिने मान खाली घालून पुढची सगळी म्हटली, एकही शब्द न अडखळता. शेवटचं कडवं मला तेव्हाही येत नव्हतं, तिला येत होतं. मी तिथेच ठरवलं. निघताना तिने दाराआडून मला काहीतरी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि सगळी बैठक हसली. काय विचारलं होतं ते आता आठवत नाही. असंच काही गोड असेल.

१० मार्चला लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरात छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने सौंदडला निघाली. आम्हा पोवारांत नवरदेवाच्या हाती कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं. हळद लागल्यापासून नवरीसह घरी पोचेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. एका हाताने कट्यार धरून मी खिडकीशी बसलो होतो. सुशिला शेजारी, घुंगटात.

छोटी लाइन आता राहिली नाही, म्हणून सांगावं लागतं. त्या गाडीतून लोक शेळ्यांसकट चालत्यात उतरायचे. आपलं शेत आलं की साखळी ओढायचे. गार्ड शिवी द्यायचा, झेंडी हलवायचा, गाडी पुढे जायची. त्यात कुणाला काही वाटत नसे.

हिरडामालीला चार मुली उतरल्या. दोन वेण्या, निळ्या रिबिनी, हातात पुठ्ठे आणि कंपासपेट्या. पायवाटेने गोरेगावकडे निघाल्या. त्यातली एक मागे वळली, आमच्या खिडकीकडे पाहून तिने हात हलवला, चल ना म्हणावं तसा. करडईची शेतं, सकाळचं ऊन आणि त्या चार मुली. पुस्तकात कवितेच्या वर चित्र असतं तसं ते मला अजून दिसतं. मी पाहतच राहिलो होतो.

गाडी सुटली. फर्लांगभर गेली असेल. शेजारी बांगड्या वाजल्या. हिरव्या चुड्याचा हात माझ्या डोक्यावरून वर गेला आणि साखळीला लोंबकळला.

गाडी एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीशी थांबली. सुशिला दारापाशी पोचली होती. एक पाय पायरीवर. मी जाऊन तिचं मनगट धरलं. म्हटलं, "बस. घाबरू नको, मी आहे ना." माहेर सुटलेली अठरा वर्षांची मुलगी, घाबरणारच.

त्या दिवशी नेमकी तपासणी होती. गार्डमागोमाग टीसी आणि रेल्वेचे पोलीस आले. साखळी कोणी ओढली? वऱ्हाडी गप्प. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी ओढली. तेव्हा सुशिलाने घुंगट वर करून माझ्याकडे पाहिलं. लग्न लागल्यानंतर पहिल्यांदा. इतक्या कृतज्ञतेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नाही.

सौंदडला मला उतरवून घेतलं. पोलीस म्हणाला, चाकू सोबत येणार नाही. मी कट्यार सुशिलाच्या हातात दिली. मला परतीच्या गाडीने गोंदियाला नेलं, आणि तिने माझ्या घराचा उंबरठा नवऱ्याऐवजी कट्यारीबरोबर ओलांडला. गावात म्हातारी माणसं अजून सांगतात. ठाण्यातला हवालदार बालाघाटकडचा होता. माझे हळदीचे कपडे पाहून त्याने चहा पाजला. म्हणाला, "दूल्हे राजा, पहली रात हमारे साथ." मी बाकावर बसून ते शेवटचं कडवं आठवायचा प्रयत्न करत होतो.

का ओढली, हे मी तिला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला ओशाळं वाटलं असतं.

२१ सप्टेंबर

कालचं वाचून पाहिलं. चांगलं लिहिलं आहे असं वाटलं. मग वाचून दाखवायला कुणी नाही हे लक्षात आलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

टिंकूच्या सांगण्यावरून रेल्वे पोलीस ठाण्यात जाऊन आलो. कोर्टाचा कागद मिळाला तर अर्जाला जोडता येतो. इमारत नवी आहे. टेबलाशी बसलेल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, आत जाऊन विचारून आली. एवढे जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट होतात, आजोबा. तुमच्या नावावर काहीच नाही, तुम्ही एकदम साफ आहात. माझा चेहरा पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने पाणी दिलं.

तो बाक कुठे होता, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

टिंकू खूश. रेकॉर्डच नाही त अरेस्ट कायची, म्हणाला. मी दुकानातूनच रुचीला फोन लावला आणि सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबूजी, लिहायचंच. साखळीसाठी कुणी अडवत नाही, खोट्यासाठी अडवतात, आणि एकदा अडवलं की कायमचं.

"पण ओढली काऊन?" तिने विचारलं.

"असंच. नवरदेव होतो."

ती हसली. जुलैनंतर पहिल्यांदा ऐकलं तिचं हसू.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

कट्यार भिंतीवरून काढली. दरवर्षी सुशिला चिंच लावून घासायची, मग पाटावर ठेवून हळदकुंकू. पाहुणे असले की म्हणायची, "माझा गृहप्रवेश यायच्यासंग झाला. हे आले दुसऱ्या दिवशी." लोक हसायचे, मीही हसायचो. कधी कधी मात्र कट्यार घासून झाली तरी सुशिला ती हातात धरून बसून राहायची, आणि मी विचारलं की म्हणायची, काही नाही.

चिंच भिजवायला विसरलो. कोरडीच पुसली. काळी राहिली.

८ ऑक्टोबर, बुधवार

फॉर्म गेला. त्या प्रश्नाला 'हो'. खाली खुलासा लिहायला चौकोन आहे. टिंकूने आधी लिहिलं की नवरदेवाचा फेटा खिडकीतून उडाला म्हणून साखळी ओढली. असं विलायतेतल्या लोकांना आवडतं म्हणे. मी म्हटलं, फेटा नको. नुसतं लिही, लग्नाच्या वरातीत मी साखळी ओढली, एक दिवस अटक, दंड भरला. त्याने लिहिलं. सुशिलाचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता. गेलेल्या माणसाच्या अंगावर काय घालायचं.

मुलाखतीची तारीख मिळाली. ९ डिसेंबर, मुंबई.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुलाखतीला कागद सोबत हवेत म्हणून सुशिलाची पेटी उघडली. मृत्यूचा दाखला मीच त्यात ठेवला होता. तळाशी एक कापडी पिशवी निघाली, त्यात सातवीचं मराठीचं पुस्तक. पाठीला शिवण मारलेली. माहेराहून आणलेलं असणार. पंचेचाळीस वर्षं एकाच घरात राहिलो आणि हे पुस्तक मी पाहिलं नव्हतं.

पाणपोईचं पान आपोआप उघडलं. शेवटचं कडवं:

थांबला न कोणी तरी, रांजण भरते कोणी
उतरत्या उन्हामध्ये शिळे होते पाणी

बरोबर. हेच म्हणायची ती.

त्याच पानात घडी केलेला कागद होता. परीक्षेचं प्रवेशपत्र. कु. सुशिला बिसराम पटले. केंद्र गोरेगाव. मंगळवार, ११ मार्च १९८०, सकाळी ११. मराठी. खाली पुढचे पेपर. घडीवर कागद फाटायला आला आहे, म्हणजे बरेचदा उघडलेला.

चष्मा पुसून तारीख पुन्हा पाहिली. मग लग्नपत्रिका काढून तिच्यावरची पाहिली. दहा. दहाच आहे.

कुकर लावला होता ते विसरलो. खिचडी लागली. खरवडून खाल्ली.

१६ ऑक्टोबर

काही नाही.

१९ ऑक्टोबर

लोकांच्या अंगणात दिवे. मी एक लावला. तेल संपलं तेव्हा विझला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गोरेगावला रामकलीकडे गेलो. रामकली सुशिलाची धाकटी बहीण. साठीला आली, केस पांढरे झाले, पण हात तसाच झपाझप चालतो. सुपात नव्या तांदळातले खडे वेचत होती. रस्त्याने सगळीकडे धानाची कापणी चालू आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे मंडप लागले आहेत.

तिने करंज्या दिल्या. दिवाळीला का नाही आलात, म्हणाली. मी प्रवेशपत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं नाही. पदराला हात पुसले, मग वाकून पाहिलं.

"ठेवलंच होतं का बाईनं," म्हणाली.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"काऊन माहीत नव्हतं?" तिने सूप बाजूला केलं. "दाराआडून तिनं तुमालेच त विचारलं, जिजाजी. मी तिथंच होतो, तिच्या पदराले धरून. ते म्हणाली, मले पेपर देऊ द्याल का? तुमी म्हटलं, देऊ द्याल का म्हणजे? मी सोता सेंटरवर नेऊन पोचवतो. सारे हसले. आमचे बाबा म्हणाले, असा जावई पाहायले नाही भेटत. त्या भरवशावर लगन मार्चात धरलं, नाही त मे महिन्यात होतं."

करंजी हातात होती.

"हिरडामाली आली तवा तुमी उठाल, असं तिले वाटलं. तुमी खिडकीतून बाहेर पाहून राहिले होते. उमेद सुटली नाही तिची, गाडी हालेपर्यंत. मंग ओढली."

विसरलो होतो, मी म्हटलं. गाण्याबजावण्यात, हळदीत विसरलो असेन. ती म्हणाली, ते समजलं आमाले.

"नंतर कधी बोलली का नाही?"

रामकलीने पुन्हा सूप ओढून घेतलं. बोलताना तिचे डोळे तांदळावर होते. "काय बोलन ते? तुमी तिच्यासाठी जेलात जाऊन आले होते. सारा गाव तुमचं कौतुक करून राहिला होता. तुमच्या मायनं तुमची दृष्ट काढली. आता तिनं त्यात म्हणाव, का मले पेपर द्यायचा होता?"

पुढच्या साली तरी, असं मी विचारलं असेल. पुढच्या साली तुमची माय बिमार होती, ती म्हणाली. त्याच्या पुढच्या साली पहिलं पोट राहिलं, ते गेलं. मंग कोनी विचारलं नाही.

निघताना तिने पिशवीत नवा तांदूळ घालून दिला. दारात म्हणाली, "तुमचा राग नव्हता तिले, जिजाजी. कविता चांगल्या म्हणता, असं सांगे सर्वायले."

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. हिरडामालीकडे जाणारा फाटा कधी गेला कळलं नाही.

२५ ऑक्टोबर

वीस सप्टेंबरचं लिहिलेलं काढून वाचलं. 'कृतज्ञतेने' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. खोडावा का. खोडला नाही. दुसरा कोणता शब्द लिहायचा ते सुचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टिंकू दर आठवड्याला फोनवर मुलाखतीची तालीम घेतो. आवाज बदलून विचारतो, "आपने चेन क्यों खींची?" मी म्हणतो, लहान वय होतं, चूक झाली. तो म्हणतो, फेटा सांगा मामाजी, फेट्यावर साहेब हसन, हसला का झालं काम.

रुचीचं वेगळं. ती म्हणाली, फॉर्ममध्ये जे आहे तेवढंच बोला. एक शब्द इकडेतिकडे झाला की ते म्हणतात, हा माणूस काही लपवतो आहे, आणि पासपोर्ट हातात परत देतात. तिच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं तसं झालं. पाय सुजतात, म्हणाली. रात्री एका कुशीवरच झोपावं लागतं. "बाबूजी, काही गडबड नका करू. माझ्याजवळ कुणीच नाही."

नाही करणार, मी म्हटलं.

तिला प्रवेशपत्राचं सांगितलं नाही. हे फोनवर सांगायचं नसतं, असं मनाशी म्हटलं. समोरासमोर असती तरी सांगितलं नसतं.

३० नोव्हेंबर

बॅग भरली. मुंबईला एक रात्र राहायचं तर बॅग कशाला, पण भरली. सुशिलाचं पुस्तक आत ठेवलं, काढलं, ठेवलं. कट्यारीला शेवटी चिंच लावली. थोडी निघाली काळपट.

९ डिसेंबर, मंगळवार. परतीची विदर्भ एक्सप्रेस

अक्षर हलतं आहे. गाडीमुळे.

सकाळी आठलाच रांगेत उभा होतो. टिंकू बाहेर, माझा फोन त्याच्याकडे. आत माणसं पुष्कळ, पण आवाज नाही. माझ्या पुढची बाई देवाचं नाव घेत होती. तिचा पासपोर्ट परत आला. ती तसंच नाव घेत बाहेर गेली.

माझी खिडकी आली. काचेपलीकडे एक गोऱ्या बाई, माझ्या रुचीएवढ्याच असतील. बाजूला मराठीत सांगणारी मुलगी. कुणाकडे जाता? मुलीकडे. कशाला? तिला बाळ होणार आहे. किती दिवस? तीन महिने. परत का याल? माझं घर आहे तिथे. बाई टाइप करत होत्या, सगळं सोपं चाललं होतं. मग त्यांनी पडद्याकडे पाहून काही म्हटलं आणि मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एकदा अटक झाली होती. तुम्ही साखळी का ओढली?"

फेटा हा शब्द तोंडात तयार होता. लहान वय, चूक झाली, हेही तयार होतं. रुचीचे सुजलेले पाय डोळ्यांपुढे आले. मी पाहिलेले नाहीत, तरी आले.

मी म्हटलं, "मी ओढली नाही. माझ्या बायकोने ओढली. मी फक्त नाव घेतलं. फॉर्ममध्ये चुकीचं आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग सांगितलं. बाईंची बोटं थांबली.

"त्यांनी का ओढली?"

"तिचा मॅट्रिकचा पेपर होता. मराठीचा. मी पोचवून देतो म्हटलं होतं."

"मग पोचल्या का त्या?"

"नाही. मी तिचा हात धरला. गाडी पुन्हा सुटली."

हे शेवटचं सांगायला मुलीने जरा वेळ घेतला. बाईंनी विचारलं, त्या तुमच्यासोबत का येत नाहीत? मी म्हटलं, जुलैमध्ये वारली. मृत्यूचा दाखला काचेखालून सरकवला. त्याच्याखाली प्रवेशपत्रही गेलं, दोन्ही एकाच पाकिटात होते. बाईंनी ते उलटं धरलं, मुलीने सरळ करून दिलं. दोघींनी पाहिलं. त्या थोडा वेळ टाइप करत राहिल्या. मी काउंटरच्या कडेचा एक ओरखडा पाहत होतो. भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही, काहीच वाटलं नाही.

मग दोन्ही कागद परत आले, पासपोर्ट आला नाही. मला वाटलं द्यायला विसरल्या. मी हात पुढे करून उभाच. मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, पासपोर्ट इथेच राहतो. व्हिसा मिळाला तुम्हाला. या आता."

बाहेर टिंकूने पाया पडून घेतलं. फेटा सांगितला ना, म्हणाला. मी मान हलवली, ती हो होती की नाही हे त्याला कळलं नसावं.

त्याने रुचीला फोन लावून दिला. ती जागीच होती. मिळाला, म्हटलं. ती रडली, मग हसली, मग खुशालला हाक मारून सांगितलं. मग नाक ओढत म्हणाली, "साखळीचं विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"काय सांगितलं?"

"तुझ्या आईला मॅट्रिकचा पेपर द्यायचा होता," मी म्हटलं.

ती म्हणाली, "कोणता पेपर? आई तर म्हणायची, मले शाळेचा कंटाळाच होता."

टिंकूने रिक्षा थांबवली होती आणि आत बसून मला हात करत होता. मी त्याला जरा थांब अशी खूण केली. फुटपाथच्या कठड्यावर सावली होती, तिथे बसलो आणि रुचीला जानेवारी १९८० पासून सांगायला लागलो.